जुन्या जावाचं इंजिन उघडायला देताय? आधी हे वाचा

५८,४०० रुपये गेले. पैशांचं दुःख आहेच, पण वडिलांच्या जावाचं मूळ इंजिनही गेलं आणि त्या जागी कुणाचं तरी भलतंच केसिंग, म्हणजे इंजिनाचं बाहेरचं कवच, बसवून मिळालं, हे मला सहन होत नाही. ज्यांच्या घरात जुनी जावा, येझदी, बुलेट किंवा राजदूत उभी आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय.

गाडी म्हैसूरच्या आयडियल जावाची, १९७० ची, अडीचशे सीसी. कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. पिस्टन, रिंगा, सील, बेअरिंग अजून बाजारात मिळतात, पण मूळ इंजिन नंबर असलेलं हे केसिंग, म्हणजे क्रँककेस, आता कुणी बनवत नाही, म्हणून चोरांचा डोळा त्याच्यावर असतो. त्यात २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना व्हिंटेज नोंदणी आणि व्हीए मालिकेची पाटी मिळू लागली. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी, चेसिस-इंजिनात मोठा फेरफार नको. माझी गाडी या अटीत बसत होती. आता बसत नाही.

मिस्त्री गोड बोलणारा, नावाजलेला. त्याने तयार केलेल्या चार गाड्या मी स्वतः चालवून पाहिल्या होत्या. डोळे मिटून गाडी दिली असं कुणी म्हणू नये. फुल इंजिनचं काम ठरलं. ॲडव्हान्स १५,०००. इंजिन उघडल्यावर ‘क्रँक गेलाय’, म्हणून कनेक्टिंग रॉड किटचे ९,५००. मग ‘झेक माल (जावा मूळची तिथली) मिळतोय, आत्ताच घ्यावा लागेल’, म्हणून पिस्टन आणि बोअरचे १२,८००. केसिंगचं वेल्डिंग आणि फेसिंग ६,४००. शेवटी जोडणीचे १४,७००. यातले ९,५०० आणि १२,८०० त्याने रोख मागून घेतले, कारण ‘पार्टवाला यूपीआय घेत नाही’. म्हणजे २२,३०० रुपयांचा माझ्याकडे चिटोराही नाही. रोख मागितली की तिथेच थांबा. निदान साध्या कागदावर सही तरी घ्या.

आता तो क्षण सांगतो, ज्याने माझी झोप उडवली आहे. आमच्या केसिंगवर एक खूण होती. वडिलांच्या काळात चेन तुटून पुढच्या स्प्रॉकेटमागे चीर गेली होती आणि ती गॅस वेल्डने भरलेली होती. ओबडधोबड, बोटाला लागणारा व्रण. गाडी घ्यायला गेलो तेव्हा केसिंग आरशासारखं चमकत होतं आणि तो व्रण नव्हता. मी त्या जागेवर बोट फिरवलं. विचारलंसुद्धा. तो म्हणाला, ‘दादा, ६,४०० कशाचे घेतले मग? जुनं वेल्ड काढून आतून भरलंय.’ मी काय म्हणणार होतो? त्याच कामाचे पैसे मी आधी दिले होते. जावाचं केसिंग बफिंग करून चकाचक करण्याचीच पद्धत आहे, त्यामुळे नंबराची पट्टीही घासलेली दिसली तर संशय कसा यावा? जुने पार्ट मागितले तर ‘भंगारात गेले’. काढलेला प्रत्येक तुकडा, झिजलेल्या रिंगेपासून फाटक्या सीलपर्यंत, घरी आणायचा, आणि हे गाडी देतानाच लिहून घ्यायचं. त्याने कामाचे भरपूर फोटो पाठवले होते. आता बघतो तर एकाही फोटोत नंबराची बाजू नाही.

गाडी धूर ओकायला लागली आणि गिअर ऑइल कमी होत गेलं. जावासारख्या टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी क्रँककेसमध्येच दाबलं जातं. क्लचच्या बाजूचं सील गेलं की तिथलं तेल आत ओढलं जाऊन जळतं, आणि डायनामोकडचं गेलं की हवा शिरून पिस्टन जाम होतो. आमचा झालाच. दुसऱ्या लेथवाल्याकडे उघडलं तर सील जुनी, कडक झालेली. क्रँक व्ही आकाराच्या टेकूवर फिरवून डायल गेज लावला तर तो वाकडा. बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, मोजलं तर ६६.०० मिलिमीटर. मूळ ६५, आणि वडिलांच्या वहीत सिलिंडर आतून एकदाच घासून मोठा केल्याची नोंद आहे, पाव मिलिमीटरने. म्हणजे आमचा चांगला ब्लॉक (सिलिंडर) मिस्त्रीने ठेवून घेतला आणि चौथ्या ओव्हरसाइझचा, म्हणजे पाव-पाव मिलिमीटरने चारदा वाढवलेला, संपत आलेला ब्लॉक आम्हाला चढवला! ब्लॉक देण्याआधी बोअरचं माप घ्या, बोअरला धक्का लागणार नाही अशा आडजागी पंचने आपली खूण मारा.

केसिंगचं मात्र आरटीओत कळलं. आरसीच्या नूतनीकरणाला इंजिन नंबराची पेन्सिल छाप घेतली आणि ती जुळेना. निरीक्षकाचं काम त्याने केलं, त्याबद्दल तक्रार नाही. पण पुढे काय करायचं, हे त्या इमारतीत एकाही माणसाने नीट सांगितलं नाही. ‘पोलिसांचं पत्र आणा.’ पोलीस ठाण्यात म्हणाले, ‘गाडी तर तुमच्याच दारात आहे ना? हा दिवाणी मामला.’ नंबर बदललाय म्हटल्यावर, ‘मग आरटीओचं लेखी आणा.’ आरटीओ म्हणतं, आम्ही असं लेखी देत नाही. एका हवालदाराने तर मलाच दम भरला, की हे इंजिन चोरीचं निघालं तर आधी तुम्हाला बसवू. गाडी माझी, चोरी माझी झाली, आणि आरोपीसारखा बाकड्यावर मी बसलो! तो मिस्त्री त्याच रस्त्यावर दुसऱ्यांची इंजिनं उघडतोय. कामासाठी विश्वासाने सोपवलेली वस्तू गिळली तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३१६ आहे, फसवणुकीचं ३१८ आहे. हे मी, सामान्य माणसाने, ठाणे अंमलदाराला वाचून दाखवायचं का? त्यांनी अदखलपात्र नोंद करून कागद हातात ठेवला.

तोंडी नकार ऐकून परत येऊ नका. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ (४) प्रमाणे लेखी तक्रार टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवता येते. मी रजिस्टर्ड पोस्टाने पाठवली आहे, अजून उत्तर नाही. ग्राहक आयोगातही अर्ज केलाय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही, मुदत दोन वर्षांची. तिथेही पहिला प्रश्न बिलाचाच आला. ३६,१०० ची यूपीआय नोंद आणि व्हॉट्सॲपवरचं बोलणं तेवढं माझ्या हातात आहे. ते चॅट मी छापून ठेवलंय, तुम्हीही ठेवा.

आमचं केसिंग कुठेतरी विकायला येणारच. पुढच्या स्प्रॉकेटमागे हाताने भरलेलं, साधारण दोन इंचांचं वेल्ड दिसलं आणि नंबराची पट्टी नुकतीच घासलेली असली, तर विकणाऱ्याकडे त्या नंबराची आरसी मागा. ती नसेल तर एक रुपयाही देऊ नका. केसिंगचा फोटो काढा आणि मला कळवा, वडिलांच्या नावाची आरसी घेऊन मी येतो.