क्लासिकल गिटार, ‘फुल सेटअप’सह : घेण्याआधी हे वाचा

खानदेशातल्या वाद्यांच्या दुकानांत चलती असते ती हार्मोनियम, तबला, ढोलकी आणि बँडवाल्यांच्या सामानाची. गिटारी भिंतीवर टांगलेल्या दिसतात, पण त्या स्टीलच्या तारांच्या. गॅदरिंगला, ऑर्केस्ट्राला त्याच लागतात. नायलॉनच्या तारांची क्लासिकल गिटार मागणारं गिऱ्हाईक इकडे क्वचित येतं, त्यामुळे दुकानात अशी एखादी असलीच तर ती किती दिवसांपासून आहे आणि मधल्या काळात तिचं काय काय झालंय हे विचारायला हवं. आम्ही विचारलं होतं. ‘परवाच पार्सल आलं भाऊ, तुमच्याच नशिबाची आहे,’ असं उत्तर मिळालं.

माझ्या भाचीला ट्रिनिटी कॉलेज लंडन या परीक्षा मंडळाच्या क्लासिकल गिटारच्या ग्रेड परीक्षा द्यायच्या आहेत. तिचे सर पुण्याहून ऑनलाइन शिकवतात. त्यांनी मोजकंच लिहून पाठवलं होतं: तारा नायलॉनच्या, नटपासून सॅडलपर्यंत तारेची लांबी ६५० मिलिमीटर, नटपाशी बोटं दाबायच्या पट्टीची रुंदी ५२ मिलिमीटर, आणि मान बाराव्या फ्रेटला खोक्याला मिळालेली असावी. (नट म्हणजे मानेच्या टोकाला तारा टेकतात ती खाचांची पट्टी, सॅडल म्हणजे खोक्यावरच्या ब्रिजमध्ये तारा टेकतात ती, आणि फ्रेट म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या दांड्या.) पहिल्या दुकानात आमच्यासमोर स्टीलची साधी अकूस्टिक ठेवली गेली, फक्त नायलॉनच्या तारा चढवलेली. तिची पट्टी जेमतेम ४३ मिलिमीटर, मान चौदाव्या फ्रेटला जुळलेली, आणि ब्रिजच्या पिनांखाली नायलॉनला गाठी मारून कोंबलेल्या. खिशातल्या छोट्या टेपने हा डाव तिथल्या तिथे उघडा पडला, म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही.

खरी टोपी घातली ती दुसऱ्या दुकानाने. नाव लिहीत नाही, जिल्ह्याच्या ठिकाणचं आहे एवढंच. तिथली गिटार मापात अगदी चोख होती. आत लेबल होतं, ‘सॉलिड स्प्रूस टॉप’, म्हणजे वरची फळी स्प्रूस लाकडाची आणि एकसंध. किंमत ९,५०० रुपये. त्यावर ‘फुल सेटअप’चे १,२००, आणि ‘इम्पोर्टेड’ तारांचे ८००. सेटअप म्हणजे काय करणार, असं विचारल्यावर मालक म्हणाला, ‘अ‍ॅक्शन सेट करतो, तारा चढवतो, पॉलिश मारतो. उद्या या, नवरीसारखी सजवून देतो.’ अ‍ॅक्शन म्हणजे फ्रेटपासून तारांची उंची.

गिटार घरी आली आणि भाचीच्या बोटांची परीक्षा सुरू झाली. पहिल्या फ्रेटला कॉर्ड कशीबशी दाबली जायची, पाचव्याच्या पुढे बोटं लाल. मोकळी तार सुरात लावली तरी वरचे सूर चढे लागायचे. आम्ही फोन केला की दुकानदाराकडे उत्तर तयार. ‘क्लासिकलला अ‍ॅक्शन उंचच असते ताई.’ ‘नायलॉनच्या तारा सुरुवातीला उतरतातच.’ आणि शेवटी, मे महिन्यात, हुकमी एक्का: ‘आपल्याकडचं ऊन माहीत आहे ना? लाकूड आहे, हलणारच.’

या माणसाचं मला कौतुक वाटतं. त्याचं प्रत्येक वाक्य अर्धं खरं होतं. स्टीलच्या गिटारपेक्षा क्लासिकलची अ‍ॅक्शन उंच असते, हे बरोबर. पण किती उंच? बाराव्या फ्रेटवर, फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत, पहिल्या तारेला साधारण ३ मिलिमीटर आणि सहावीला ४. आमच्याकडे सहाव्या तारेला साडेपाचच्या वर भरत होतं. नव्या नायलॉनच्या तारा ताणल्या जातात आणि आठवडाभर तरी रोज सुरात लावाव्या लागतात, हेही खरं. पण मोकळी तार सुरात असताना बाराव्या फ्रेटचा सूर चढा निघतो, त्याचा तारेच्या नवेपणाशी संबंध नाही. बाराव्या फ्रेटवर नुसता स्पर्श करून निघणारा हार्मोनिक आणि तिथेच दाबून निघणारा सूर ट्यूनरवर (सूर मोजून दाखवणाऱ्या यंत्रावर) जवळपास सारखे दिसायला हवेत. मोबाइलवर फुकटात मिळणारा ट्यूनरही एवढं सांगतो. इथे दोन्हींत कानाला कळण्याइतका फरक होता.

आणि ऊन? ते तर आपल्या सगळ्यांच्या घरचंच. पारा ४४-४५ ला गेला, हवा कोरडी झाली की लाकूड आकसतं, फ्रेटची टोकं पट्टीच्या कडेला टोचायला लागतात, उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत ठेवली तर सरससुद्धा सुटतो. म्हणूनच तर ही सबब पटते. आमच्या बहिणीलाही पटली होती. ती तर गिटारपाशी कूलर लावायला निघाली होती, तो बेत मोडून काढावा लागला, कारण कूलरची थेट ओली हवा रात्री आणि कोरडी दुपार हा रोजचा झोका लाकडाला उन्हापेक्षा वाईट.

भुसावळला रेल्वेतून निवृत्त झालेले एक अंकल जुनी गिटार-मेंडोलिन दुरुस्त करतात, असं कुणीतरी सांगितलं. अमळनेरहून गाडीत बसून गिटार घेऊन गेलो. पुढचं सगळं मी त्यांच्या ओट्यावर बसून पाहिलं, आणि ते जरा सविस्तर सांगतो, कारण हे कुणालाही दुकानातच पाहता येईल.

त्यांनी गिटार वाजवली नाहीच. आधी आडवी धरली आणि ब्रिजच्या मागचा भाग उजेडाकडे केला. वरची फळी ब्रिजच्या मागे फुगलेली आणि पुढे, मधल्या गोल छिद्राच्या बाजूला, दबलेली. मग एक व्हिजिटिंग कार्ड ब्रिजच्या मागच्या कडेखाली सरकवलं. ते आत गेलं, चांगलं नखभर. ब्रिजवर दोन मोत्याचे शोभेचे ठिपके होते, आम्हाला ते छान दिसले होते. अंकलनी पिनेच्या टोकाने एक ठिपका उचकटला. खाली स्क्रूचं डोकं. काही स्टीलच्या गिटारींना कारखान्यातूनच असे स्क्रू येतात, पण क्लासिकलचा ब्रिज सहसा नुसत्या सरसावर बसवलेला असतो. मग तारा सैल केल्या, छिद्रातून त्यांच्या मिसेसचा पावडरच्या डबीतला छोटा आरसा आत घातला, मोबाइलची बॅटरी लावली आणि मला म्हणाले, ‘बघा.’ आरशात त्या स्क्रूंना आतून आवळलेले दोन चकचकीत नट दिसत होते, त्यांच्याभोवती पिवळट गोंदाचे ओघळ, आणि फळीला आतून आधार देणाऱ्या पट्ट्यांच्या जागी नवा ठोकलेला लाकडाचा तुकडा. बाकीचं आतलं लाकूड धुळीने करडं पडलेलं.

‘ही पडली असेल?’ मी विचारलं.

‘पडली नाही. हिला स्टीलच्या तारा लावल्या होत्या कुणीतरी.’

नायलॉनच्या सहा तारांचा मिळून ताण साधारण ४० किलोच्या आसपास असतो. स्टीलच्या लाइट सेटचा ७० किलोच्या पुढे. क्लासिकल गिटारची फळी पातळ, आतल्या पट्ट्या हलक्या, मानेत बहुतेक वेळा लोखंडी रॉड नसतो. आवाज मोठा यावा म्हणून स्टीलच्या तारा चढवल्या की काही दिवस ती जोरात वाजते आणि मग ब्रिज उचलतो, पोट फुगतं, मान वाकते.

पण तारा स्टीलच्याच होत्या हे कशावरून, हा प्रश्न दुकानदारही विचारणार होता, म्हणून अंकलनी पुरावा दाखवला. पहिल्या तीन फ्रेटच्या धातूवर, बरोबर पहिल्या दोन तारांच्या खाली, बारीक खाचा होत्या. नख आडवं फिरवलं की अडकायचं. गुळगुळीत नायलॉन धातूला अशा खाचा पाडत नाही. दुसरी जागा खुंट्यांची. क्लासिकलच्या खुंट्यांना तार गुंडाळायला प्लॅस्टिकचे जाड पांढरे रूळ असतात. आमच्या गिटारच्या रुळांवर तारेने कापलेल्या चरा होत्या, करवतीच्या पात्याने ओढल्यासारख्या. ‘इम्पोर्टेड’ नायलॉन त्या चरांवरच गुंडाळलं होतं.

मग सॅडल. ‘फुल सेटअप’चा १,२०० रुपयांचा मामला इथे होता. सॅडल ही खाचेत नुसती बसवलेली पट्टी असते, ती चिमट्याने ओढली की वर यायला हवी, कारण अ‍ॅक्शन कमी करायची तर तिचीच खालची बाजू पॉलिश पेपरवर घासतात. बाराव्या फ्रेटला १ मिलिमीटर कमी हवा असेल तर सॅडल २ मिलिमीटर घासावी लागते. आमची सॅडल झटपट चिकटणाऱ्या गोंदाने पक्की केलेली, आणि वरून कानशीने ओबडधोबड उतरवलेली. ब्रिजच्या वर ती मिलिमीटरभर उरली होती. फुगलेल्या फळीमुळे वर चढलेल्या तारा खाली आणायला दुकानातल्या पोराने सॅडल खाऊन टाकली होती. दुकानात पाहिली तेव्हा अ‍ॅक्शन त्यामुळे बरी वाटली, घरी ताणाखाली पोट आणखी वर आलं. आता खाली आणायला काही शिल्लकच नव्हतं.

राहिला ‘सॉलिड स्प्रूस’. ते आमच्या गल्लीतल्या सुताराने आधीच सांगितलं होतं, आम्ही हसण्यावारी नेलं होतं. त्याने छिद्राच्या कडेला नख लावलं आणि म्हणाला, ‘हाई ते प्लाय शे ना भो!’ एकसंध फळी असेल तर वरच्या लाकडाच्या रेषा छिद्राच्या कडेवरून तशाच खाली उतरलेल्या दिसतात. प्लायला थर दिसतात, म्हणून ही कडा काळ्या रंगाने रंगवली होती. अंकलनी तो रंग पात्याने खरवडला तर खाली तीन थर. ‘सॉलिड’ लिहिलेलं लेबल ओल्या बोळ्याने उचललं तर खाली दुसरं लेबल, त्यावर सॉलिडचा उल्लेखच नाही. प्लायची गिटार वाईट असते असं अजिबात नाही. उलट आपल्या हवेत ती सहसा तडकत नाही. यामाहाची सी-४० नवशिक्यांसाठी जगभर विकली जाते, तिची स्प्रूसची फळीही लॅमिनेट, म्हणजे थरांचीच. प्लाय म्हणून विका ना, पैसे प्लायचे घ्या.

हे सगळं फोटो आणि व्हिडिओसह घेऊन आम्ही दुकानात गेलो. मालकाने आधी उन्हाची गोष्ट पुन्हा ऐकवली. मी म्हटलं, ऊन सरस सुटू देईल, पण ऊन आतून नट आवळत नाही, फ्रेटला खाचा पाडत नाही. मग त्याने कंपनीवर ढकललं, मग पोरावर, आणि शेवटी पावतीवर बोट ठेवलं: ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही.’

या ओळीला घाबरू नका. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे सदोष माल पावतीत दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलीच नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे. पावती न देणं हीसुद्धा. आम्हाला त्याने पावती दिली होती, पण तीत ‘गिटार १ नग’ एवढंच. ‘सॉलिड टॉप, नवी’ हे शब्द आमच्या नशिबाने व्हॉट्सअ‍ॅपवर त्याच्याच नंबरवरून आलेल्या मेसेजमध्ये होते. म्हणून माझं सांगणं, घेताना मॉडेल, ‘नवीन’ आणि लाकडाचा प्रकार पावतीवर लिहून मागा. लिहायला तो का-कू करायला लागला की तुमचं उत्तर मिळालं.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन करून तक्रार नोंदवली आणि दुकानाला रजिस्टर्ड पोस्टाने पत्र पाठवलं. जिल्हा ग्राहक आयोगाची पायरी त्यानंतरची. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही ठिकाणी आयोग आहे, तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांत तक्रार करता येते, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही. आमच्यावर तिथे जायची वेळ आली नाही. पत्र पोचल्यावर मालकाचा सूर उतरला आणि गिटारचे ९,५०० परत मिळाले. सेटअपचे आणि तारांचे पैसे ‘सर्व्हिस झाली आहे’ म्हणून त्याने ठेवून घेतले. मी ते पुढे ताणलं नाही. भाचीची परीक्षा तोंडावर होती.

नंतर घेतलेली गिटार मागवली ती बिनसेटअपचीच. अंकलनी तिची सॅडल बाहेर काढली, खालून पेन्सिलीने रेघ मारली, काचेवर पॉलिश पेपर ठेवून थोडी थोडी घासली, पुन्हा पुन्हा बसवून मोजली. नटच्या एका खाचेत तार अडकत होती ती मोकळी केली. दुपार गेली, मजुरी घेतली ३०० रुपये, आणि सॅडल सरळ घासली जाते की नाही हे भाचीला स्वतः करून पाहायला लावलं ते वेगळंच.

दुकानात परत गेलेली गिटार मोडीत निघाली असेल असं मला वाटत नाही. तिची खूण सांगून ठेवतो. फळी मधासारख्या रंगाची, पाठ गडद तपकिरी. छिद्राच्या कडेचा काळा रंग सहाव्या तारेच्या बाजूला बोटभर खरवडलेला, आता पुन्हा रंगवला असेल. चौथ्या तारेच्या खुंटीचं बटण बाकीच्या पाचांपेक्षा पिवळट. पहिल्या तीन फ्रेटवर खाचा, त्या घासून गुळगुळीत केल्या असतील तर ते तीन फ्रेट बाकीच्यांपेक्षा बुटके दिसतील. लेबल नक्कीच बदललेलं असणार. ब्रिजवरचे मोत्याचे ठिपके काढून दुसरं काही चिकटवलं असेल, पण आतले दोन नट तिथेच सापडतील, कारण ते काढले तर ब्रिज त्याच्या हातात येईल.