यूव्हर्जनचं बायबल अ‍ॅप मराठीतून वापरायला कसं आहे

आमच्या मंडळीत महिला मंडळापासून तरुण संघापर्यंत सगळे विचारतात की मोबाईलवर बायबल कोणतं घेऊ, मी गेली काही वर्षं यूव्हर्जनचं अ‍ॅप मराठीतूनच वापरतेय तर एकदा सविस्तर लिहूनच टाकते. फीचर किती आहेत हे कुठेही वाचायला मिळेल. हे वापरून माणूस ख्रिस्तात वाढतो का, हे मला सांगायचंय, कारण विश्वासी माणूस बायबल अ‍ॅप घेतो ते त्यासाठीच ना.

आधी साधी माहिती. अमेरिकेत ओक्लाहोमामधल्या लाइफ चर्च नावाच्या मंडळीने हे 2008 मध्ये काढलं, अ‍ॅपलचं अ‍ॅप स्टोअर सुरू झालं तेव्हापासूनचं आहे. पूर्ण फुकट आणि एकही जाहिरात नाही. जाहिरात नसणं ही छोटी गोष्ट वाटेल पण ज्याने दुसरी फुकटची बायबल अ‍ॅप वापरलीत त्याला विचारा, दाविदाचं पश्चात्तापाचं 51 वं स्तोत्र वाचत असताना मध्येच लोनची नाहीतर रमीची जाहिरात आली की प्रार्थनेचं मनच उडून जातं. इथे तसं काही होत नाही.

मराठीत एकापेक्षा जास्त भाषांतरं आहेत. बायबल सोसायटीचं आर.व्ही. (रिव्हाइज्ड व्हर्जन) री-एडिटेड, म्हणजे बऱ्याच मंडळ्यांमध्ये उपासनेत वाचतात ते, शिवाय आय.आर.व्ही. (इंडियन रिव्हाइज्ड व्हर्जन) आणि समकालीन आवृत्ती. पाठांतर करायचं असेल तर मी सांगेन बायबल सोसायटीचंच धरा, कारण पाळकसाहेब वेदीवरून वाचतात तेच शब्द तुमच्या तोंडात बसतात आणि रविवारी ऐकताना लगेच ओळख पटते. पण मुलांना समजवायचं असेल, किंवा रोमकरांस पत्रातली लांबच लांब वाक्यं एका दमात कळत नसतील, तर वचनावर बोट ठेवून तुलना करायचा पर्याय निवडा, तेच वचन दोन-तीन भाषांतरांत एकाखाली एक येतं. मला हे सगळ्यात उपयोगी वाटतं. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये कितीतरी वर्षं हिब्रू आणि ग्रीकमधून साध्या मराठीत बायबल आणायचं काम केलं, गरीब आणि कमी शिकलेल्या बायकांनाही वाचून कळावं म्हणून, ते काम हातावेगळं केलं आणि 1922 च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या, आणि तिथल्याच बायकांनी त्याची छपाई केली. आज आपल्याला सोपं मराठी शास्त्र बोटाच्या एका टचवर मिळतंय, तेव्हा कळत नाही म्हणून वाचत नाही असं म्हणायला आता जागाच राहिली नाही.

ज्या भाषांतराला ऑडिओ आहे तिथे स्पीकरचं चिन्ह दिसतं. आमच्या घरात सासूबाईंना आता बारीक अक्षर दिसत नाही, त्या सकाळी चहा झाला की लूकचं शुभवर्तमान लावून बसतात, आणि मग दिवसभर त्यातलंच काहीतरी सांगत असतात. ज्यांना वाचताच येत नाही अशा बहिणींनाही हे जरूर दाखवा, अक्षर मोठं करायचीही सोय आहे.

आता वाढीचा मुद्दा, जरा लांबण लागेल पण इथेच खरं बोलायचंय.

अ‍ॅप उघडलं की पहिलं समोर येतं ते आजचं वचन, छान फोटोवर लिहिलेलं, एक बोट दाबलं की स्टेटसला. बरेच लोक तेवढंच वाचतात, शेअर करतात आणि शास्त्रपाठ झाला म्हणतात. मला विचाराल तर हे म्हणजे ताट बाजूला सारून नुसतं लोणचं चाटणं झालं. यिर्मया 29:11 घ्या, देवाच्या मनात तुमच्या हिताचे संकल्प आहेत हे वचन, परीक्षा असो नोकरी असो लग्न असो सगळीकडे हेच पाठवतात. ते खरंच आहे, पण फक्त एक वचन वर जा, 29:10, तिथे देव म्हणतोय बाबेलात सत्तर वर्षं भरल्यावर. म्हणजे हे पत्र बंदिवासात गेलेल्या लोकांना आहे, आणि त्यांना सांगितलंय की घरं बांधा, मळे लावा, ज्या शहरात तुम्हाला नेलंय त्या शहराच्या शांतीसाठी प्रार्थना करा. ऐकणाऱ्यांपैकी कितीतरी जण परत जायच्या आधीच मरणार होते. एवढं कळलं की तेच वचन किती खोल होतं बघा, लगेच मिळणाऱ्या आशीर्वादावरून ते थेट धीर धरण्यावर येतं. तसंच फिलिप्पैकरांस 4:13, मला जो सामर्थ्य देतो त्याच्या द्वारे मी सर्व काही करू शकतो हे वचन जिममध्ये आणि क्रिकेटच्या मॅचला लावतात, पण पौल ते बेड्यांत असताना लिहितोय आणि त्याच्या आधीच्या वचनात म्हणतोय की तृप्त असण्याचं आणि भुकेलं असण्याचं, दोन्हीचं रहस्य तो शिकलाय. जिंकण्याबद्दल तिथे अवाक्षर नाही.

म्हणून माझा सल्ला असा की आजचं वचन दिसलं की त्यावर टच करून पूर्ण अध्याय उघडा, अ‍ॅप तिथे नेतं, तेवढे दोन सेकंद द्या. आणि त्याहून चांगलं म्हणजे एक पुस्तक धरून सलग वाचा. मार्क 16 अध्यायांचं आहे, याकोब 5, फिलिप्पैकरांस पत्र फक्त 4. नीतिसूत्रे 31 अध्याय आहेत, तारखेप्रमाणे रोज एक घेतला की महिन्यात पूर्ण होतं. सगळं बायबल 1189 अध्याय, रोज तीन-चार वाचले की वर्षात होतं आणि अ‍ॅपवर त्याचे बरेच प्लॅन आहेत, पण नवीन विश्वासी असाल तर तिथून सुरुवात करू नका, लेवीय हे यज्ञांच्या आणि नियमांच्या तपशिलाचं पुस्तक लागलं की बहुतेक लोक थांबतात आणि मग अपराधी वाटून वाचणंच सोडतात. आधी मार्क, मग प्रेषितांची कृत्ये, मग उत्पत्ती.

विषयांप्रमाणे प्लॅन पण आहेत, चिंता, क्षमा, विवाह, प्रार्थना असे. इंग्रजीच्या मानाने मराठीत कमी आहेत आणि मनन, म्हणजे वचनावरचं रोजचं छोटं लिखाण, बरेचदा भाषांतर केलेलं असल्याने उदाहरणं आपल्याकडची वाटत नाहीत. आपल्याकडच्या पाळकांनी आणि सेमिनरीत शिकवणाऱ्यांनी मराठीत ताजं लिहायला हवं असं मला फार मनापासून वाटतं, एकत्र कुटुंबातला विश्वासी, शेतकरी विश्वासी, घरात एकटीच विश्वासात आलेली सून, यांच्यासाठी लिहिणार कोण?

मित्रांसोबत प्लॅन घ्यायची सोय मात्र सोन्यासारखी आहे. चार-पाच जणींनी एकच प्लॅन घ्यायचा, रोजचं वाचून खाली दोन ओळी लिहायच्या. आमच्यातली एक बहीण लग्न होऊन सुरतला गेली, तिथे मराठी उपासना जवळ नाही, ती याच्यामुळे आमच्याशी जोडलेली राहिली. लिहिताना आम्ही तीनच प्रश्न घेतो, इथे देव कसा दिसतो, मला काय सोडायला किंवा करायला सांगतोय, आणि आज कुणाशी कसं वागायचंय. तिसऱ्या प्रश्नाला नाव घालून उत्तर द्यायचं असा नियम आहे, जाऊबाई, बॉस, शेजारीण, कुणीही. याकोब म्हणतो वचन नुसतं ऐकू नका, आचरणात आणा, आणि ते नाव लिहिल्याशिवाय होत नाही असा आमचा अनुभव आहे.

सलग किती दिवस वाचलं ते अ‍ॅप मोजतं, बॅज पण देतं. सुरुवातीला सवय लागायला चांगलं आहे, पण आकडा तुटू नये म्हणून रात्री पावणेबाराला झोपेत पान उघडून बंद करणं म्हणजे शास्त्रपाठ नव्हे. आणि ते आकडे दुसऱ्याला दाखवू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. मत्तय 6 मध्ये प्रभू येशूने सांगितलंय ना, खोलीत जा, दार लाव आणि गुप्तवासी पित्याची प्रार्थना कर. अ‍ॅपमध्ये नोट्स खासगी ठेवता येतात, तसंच ठेवा. वाचताना फोनचं नेट बंद करा, आवृत्ती आधी डाऊनलोड करून ठेवली की नेटशिवाय चालते, म्हणजे वरून व्हॉट्सअ‍ॅप टपकत नाही.

अ‍ॅप जे देऊ शकत नाही ते पण सांगते. प्रभुभोजन, आजारी पडल्यावर घरी येऊन डोक्यावर हात ठेवून केलेली प्रार्थना, तुमचं चुकतंय हे तोंडावर सांगणारा वडील माणूस, उपासना संगीत या आपल्या गीतांच्या पुस्तकातली रेव्हरंड ना. वा. टिळकांची गीतं सगळ्यांनी मिळून गाणं, हे मंडळीतच मिळतं. एकत्र मिळणं सोडू नका असं इब्री लोकांस पत्रात लिहिलंय ते अ‍ॅप असलं तरी लागू आहे. शिवाय संदर्भ वचनं शोधायला मी अजून छापील रेफरन्स बायबलच घेते, समासातले संदर्भ बघत बघत मागेपुढे जाणं मला तिथे सोपं जातं.

पाचपैकी चार स्टार देईन. एक स्टार मराठी मननांसाठी राखून ठेवलाय.

घेताना एवढंच बघा, प्ले स्टोअरवर याच्यासारख्या नावाची खूप अ‍ॅप आहेत. यूव्हर्जन असं टाकून शोधा, तपकिरी पुस्तकाचं चित्र असतं आणि त्यावर लाल फीत. घेतल्यावर सेटिंगमध्ये भाषा मराठी करा, मग आवृत्तीच्या यादीत जाऊन मराठी निवडा, या दोन गोष्टी वेगवेगळ्या कराव्या लागतात. आणि घरातल्या वयस्कर माणसाच्या फोनवर हे सगळं तुम्हीच बसून करून द्या.