गॅलॅक्टोमॅनन की बीटा-डी-ग्लुकन: बुरशीच्या न्यूमोनियात आधी काय पाठवायचं?

ल्युकेमियाचा रुग्ण, केमोनंतर न्यूट्रोफिल (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) 500 च्या खाली, अँटिबायोटिक चालू असूनही ताप हटत नाही, सीटीत गाठी. इथे आधी गॅलॅक्टोमॅननची रक्तचाचणीच पाठवा. गॅलॅक्टोमॅनन म्हणजे अॅस्परजिलस या बुरशीच्या पेशीभित्तिकेतली शर्करा. बुरशी वाढून रक्तवाहिन्यांत घुसली की रक्तात उतरते. रिपोर्टमध्ये इंडेक्स येतो. 0.5 ओलांडला की लगेच दुसरा नमुना, 1.0 किंवा जास्त असेल तर 2020 च्या आंतरराष्ट्रीय निकषांत एकच नमुना पुरतो. रुग्ण आधीपासून पोसाकोनॅझोल या बुरशीविरोधी औषधावर असेल तर निगेटिव्हवर फार विसंबू नका. किडनी बदललेल्या, न्यूट्रोफिल शाबूत असलेल्या रुग्णात तर रक्तातली ही चाचणी वारंवार चुकते. तिथे ब्रॉन्कोस्कोपी करून फुप्फुस धुतलेल्या पाण्यात तीच करावी.

बीटा-डी-ग्लुकन ही अनेक बुरशींच्या भित्तिकेतली शर्करा, म्हणून या चाचणीचं जाळं मोठं: कँडिडा, अॅस्परजिलस, न्यूमोसिस्टिस या बुरशी सगळ्या त्यात येतात, पण नेमकं कोण ते कळत नाही. तिची खरी ताकद न्यूमोसिस्टिसमध्ये. एचआयव्ही, सीडी4 (प्रतिकारशक्तीच्या पेशी) 200 च्या खाली, कोरडा खोकला, जिना चढताच ऑक्सिजन घसरतो. अशा रुग्णात निगेटिव्ह ग्लुकन आलं तर न्यूमोसिस्टिसची शक्यता खूपच कमी. सर्वाधिक वापरातल्या किटमध्ये पॉझिटिव्हची रेषा मिलिलिटरला 80 पिकोग्रॅम. 60 ते 79 संदिग्ध, पुन्हा पाठवा.

खोटं पॉझिटिव्ह मात्र इथे सहज येतं. सेल्युलोजच्या फिल्टरवरचं डायलिसिस, आयव्हीआयजी (शिरेतून दिलेली अँटिबॉडी), अल्ब्युमिन, ऑपरेशनमध्ये आत राहिलेलं गॉज, सगळ्यांतून ग्लुकन रक्तात येतं. म्हणून रक्त आयव्हीआयजीच्या आधी काढा, ग्लुकनमुक्त ट्यूबमध्येच घ्या, झाकण उघडून दुसऱ्या बाटलीत ओतू नका. लॅबला विचारा की चाचणीची प्लेट (एकावेळी अनेक नमुने तपासायची) कोणत्या दिवशी लावतात. आठवड्यातून दोनदाच लावत असतील तर शुक्रवारचा नमुना सोमवारपर्यंत पडून राहतो.

मुंबईत सगळ्यात धोक्याची जागा वेगळीच आहे: म्युकर, म्हणजे 'काळी बुरशी'. 2021 मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर इथल्या वॉर्डांनी तो जवळून पाहिला. या दोन्ही चाचण्या त्याला पकडत नाहीत. साखर 400, दोन्ही रिपोर्ट निगेटिव्ह, सीटीत मधे धूसर आणि कडेने घट्ट कडं: वोरिकोनॅझोल या अॅस्परजिलसच्या औषधावर थांबू नका, त्याचा म्युकरवर उपयोग नाही. बायोप्सीची तयारी करा आणि लायपोसोमल अॅम्फोटेरिसिन (बुरशीविरोधी इंजेक्शन) वजनाच्या किलोला 5 मिलिग्रॅमने त्याच दिवशी सुरू करा.