यीस्टची पूड: गंधासाठी घ्यावी, सुरक्षिततेसाठी विसंबू नये

आंबवून सुकवायच्या सॉसेजला बाहेरून लावण्यासाठी डिबॅरिओमायसिस हॅन्सेनी या यीस्टची पूड विकत मिळते. अशीच एक पूड मी वापरून पाहिली. वीस टक्क्यांहून अधिक मीठ सोसणारे हे यीस्ट खारवलेल्या मांसावर आपणहूनही येते. पण हवेतून जे येईल त्यावर भरवसा ठेवण्यापेक्षा ओळखीचे विरजण लावलेले बरे. पूड पाण्यात भिजवून सॉसेजवर फवारली, की काही दिवसांत आतड्याच्या वेष्टनावर पिठासारखा फिकट थर धरतो आणि बोट फिरवल्यास तो किंचित ओलसर लागतो.

खरा फरक कापल्यावर कळतो. हे यीस्ट पृष्ठभागावरचा ऑक्सिजन वापरते आणि त्याच्यातील कॅटालेज हे विकर पेरॉक्साइडचे विघटन करते, त्यामुळे चरबीला खवट वास लागायला वेळ लागतो व कडेचा लाल रंग टिकतो. शिवाय अमिनो आम्लांपासून तयार होणारी अल्डिहाइडे आणि फळांसारख्या गंधाची एस्टरे यांमुळे वास भरदार होतो. लॅक्टिक आम्लही ते खाते, म्हणून बाहेरच्या भागाचा आंबटपणा सौम्य होतो. मला हा सौम्यपणा आवडला, मात्र झणझणीत आंबट चव हवी असणाऱ्यांना तो रुचेलच असे नाही.

पुडीच्या पाकिटावर ‘सुरक्षित मांसाची हमी’ असे छापले आहे, ते मात्र खटकले. ओक्राटॉक्सिन-ए हे विष तयार करणाऱ्या पेनिसिलियम नॉर्डिकमसारख्या बुरशीला हे यीस्ट जागा व अन्न बळकावून आणि बाष्पशील संयुगे सोडून आवर घालते, एवढे खरे. परंतु बोट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेच्या जिवाणूला रोखण्याचे काम मीठ, नायट्राइट (मांस टिकवण्यासाठी घालायचा क्षार), आम्लता आणि पाण्याचे घटते प्रमाण यांचेच आहे. ऑक्सिजनवर वाढणारे यीस्ट बाहेरच्या थरातच जोमाने वाढते, आणि हा जिवाणू तर ऑक्सिजन नसलेल्या गाभ्यातच फोफावतो. त्यामुळे या पुडीच्या भरवशावर नायट्राइट कमी करणे निव्वळ अविचार ठरेल. उलट, यीस्ट आम्ल खात असल्याने सामू (pH) थोडा वाढतो, म्हणजे आम्लता घटते, याचाही हिशेब ठेवावा लागतो.

सूचनापत्रकात लसणाचा उल्लेखच नाही. लसणामुळे या यीस्टची वाढ खुंटते, म्हणून लसूण घातलेल्या सारणात ही पूड मिसळण्यात फारसा अर्थ नाही. ज्यांच्या मसाल्यात लसूण मुख्य आहे, त्यांनी हा खर्च टाळावा. साध्या मिरी-मिठाच्या सॉसेजसाठी मी ती पुन्हा घेईन.