एपी की कॉलेजचा क्लास? बे एरियात दहावीतलं मूल असलेल्या आईबाबांसाठी

फेब्रुवारी आला की आमच्याकडे, म्हणजे कॅलिफोर्नियाच्या बे एरियात, पुढच्या वर्षीच्या कोर्स सिलेक्शनचे फॉर्म येतात आणि सगळ्या ग्रुपवर तोच प्रश्न, अकरावीत एपी (हायस्कूलमध्येच शिकायचा कॉलेजच्या पातळीचा कोर्स) घ्यायचं की कम्युनिटी कॉलेजचा (दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजचा) क्लास लावायचा. उत्तरंही ठरलेली. एक काकू सांगतात एपीशिवाय यूसीत (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात) कोण विचारत नाही, दुसरे काका सांगतात कॉलेजचा क्लास एकदम सोपा, फुकट, आणि एका सेमिस्टरमध्ये वर्षाचं काम होतं. माझ्या लेकीने दोन्ही करून झालंय, एक डब्ल्यू (कोर्स मध्येच सोडल्याची ट्रान्स्क्रिप्टवरची नोंद) पण पदरात पडलाय, म्हणून लिहितेय.

आधी एक गोष्ट. पुण्याला आईला फोनवर सांगितलं की नात आठवड्यातून दोनदा कॉलेजला जाते तर ती म्हणाली अगं म्हणजे ज्युनियर कॉलेज ना, अकरावीच की. तिला समजावता समजावता माझंच डोकं साफ झालं, कारण इथे घोळ तिथेच होतो, आपल्याला वाटतं शाळेनेच कुठला तरी जास्तीचा क्लास ठेवलाय, तर तसं नाहीये. एपी शाळेतच होतं, शाळेचे शिक्षक, शाळेचं वेळापत्रक, फक्त अभ्यासक्रमाची चौकट आणि मे महिन्यातली परीक्षा कॉलेज बोर्ड नावाच्या बाहेरच्या संस्थेची. कम्युनिटी कॉलेज ही पूर्ण वेगळी संस्था. कॅलिफोर्नियात अशी ११६ कॉलेजं आणि ७३ डिस्ट्रिक्ट आहेत, आणि जवळजवळ प्रत्येक डिस्ट्रिक्टचं बोर्ड ऑफ ट्रस्टीज तिथले मतदार निवडून देतात, आपल्या स्कूल बोर्डासारखंच पण वेगळं. त्यांच्या वर सॅक्रामेंटोला बोर्ड ऑफ गव्हर्नर्स, ते गव्हर्नर नेमतो. शिवाय कोर्समध्ये काय शिकवायचं यात तिथल्या प्राध्यापकांच्या अ‍ॅकॅडमिक सिनेटचा शब्द चालतो, १९८८ च्या एबी १७२५ कायद्यापासून. त्यामुळे प्रिन्सिपलला मेल करून "होमवर्क जरा कमी करा" वगैरे म्हणायची सोय नाही, ते त्यांच्या हातातच नसतं.

आता कॉलेजकडे जायचे रस्तेही तीन आहेत आणि लोक ते एकातच मिसळतात. पहिला सीसीएपी, बोलताना सगळे सीकॅप म्हणतात. २०१५ च्या एबी २८८ कायद्याने आला. यात कॉलेज डिस्ट्रिक्ट आणि हायस्कूल डिस्ट्रिक्ट दोघं करार करतात, दोन्ही बोर्डांनी जाहीर मीटिंगमध्ये तो मंजूर करायचा, मग कॉलेजचा क्लास तुमच्या शाळेतच, शाळेच्या वेळेत भरू शकतो आणि बाहेरच्यांना बंद ठेवता येतो. फी नाही, पुस्तकांचा खर्चही मुलांवर टाकायचा नाही. एका टर्मला १५ युनिटपर्यंत (युनिट म्हणजे कॉलेज क्रेडिट मोजायचं माप), जास्तीत जास्त चार कोर्स. दुसरा रस्ता म्हणजे तुमचं तुम्ही, मूल सरळ कॉलेजात नाव घालतं, शाळेची आणि पालकांची सही लागते, टर्मला ११ युनिटची मर्यादा. सेमिस्टरवाल्या कॉलेजात युनिटची फी ४६ डॉलर, ती बरीच डिस्ट्रिक्ट माफ करतात पण पुस्तकं, हेल्थ फी, पार्किंग आपलं आपण बघायचं. तिसरा मिडल कॉलेज, म्हणजे अकरावी-बारावीतली मुलं कॉलेजच्या कॅम्पसवरच हायस्कूल करतात. याची पहिली शाळा १९७४ मध्ये न्यूयॉर्कला लाग्वार्डिया कम्युनिटी कॉलेजात सुरू झाली, आपल्याकडे क्युपर्टिनो-सनीवेलच्या हायस्कूल डिस्ट्रिक्टचं डी अँझा कॉलेजात आहे. मोठ्या हायस्कूलच्या गर्दीत गुदमरणाऱ्या पोरांसाठी हे फार चांगलं, पण जागा थोड्या आणि प्रॉम-बँड-स्पोर्ट्सपासून मूल थोडं लांब जातं, ते त्यालाच विचारा.

मला खरं बोलायचंय ते ग्रेडबद्दल, कारण एपी आणि कॉलेज यातला सगळ्यात मोठा फरक मला इथे दिसतो. एपीची परीक्षा मे मध्ये एकदाच, सुमारे १०० डॉलर फी, १ ते ५ मार्क. यूसीला ३ किंवा त्याहून जास्त असेल तर काही ना काही क्रेडिट मिळतं. आणि २ पडला तर? पाठवू नका, विषय संपला, शाळेतल्या ग्रेडला त्याने धक्का लागत नाही. कॉलेजच्या क्लासमध्ये शेवटची अशी एक परीक्षा नसते जिच्यावर सगळं टांगलंय, पण जी ग्रेड पडते ती कॉलेज ट्रान्स्क्रिप्टवर कायमची. यूसीचा फॉर्म भरताना सगळे कॉलेज कोर्स दाखवावेच लागतात, सी पडला म्हणून लपवता येत नाही. पुढे अंडरग्रॅडला फायनान्शियल एड घ्यायची झाली तर ही जुनी युनिटं आणि डब्ल्यू पण हिशोबात येऊ शकतात. पंधरा वर्षाच्या पोराच्या नावावर हे लागतंय हे फॉर्म भरताना कोणी मोठ्याने सांगत नाही.

आमचा डब्ल्यू असाच आला. पहिला कोर्स सेमिस्टरवाल्या कॉलेजात केला होता, छान गेला, म्हणून दुसरा क्वार्टर सिस्टिमवाल्या कॉलेजात घेतला. क्वार्टर म्हणजे जेमतेम बारा आठवडे. तिसऱ्या आठवड्यात बँडची ट्रिप, मग ताप, आल्यावर बघते तर एक मिडटर्म होऊन गेलेली आणि ट्रान्स्क्रिप्टवर काही न उमटता सोडायची तारीख कधीच उलटून गेलेली. शाळेत असतं तर काउन्सेलरने आधीच मेल केला असता, इथे सगळं पोर्टलवर लिहिलेलं होतं आणि ते बघायचं काम तिचं होतं. मी फोन केला तर पलीकडच्या बाईंनी अगदी गोड आवाजात सांगितलं की विद्यार्थिनी तुमची मुलगी आहे, आम्ही तिच्याशी बोलू. म्हणजे वय सोळा असलं तरी कॉलेजात नाव घातल्यावर रेकॉर्डवरचा हक्क तिचा, माझा नाही. मी चिडले होते खरी, पण चूक त्यांची नव्हतीच. तेव्हा तुमचं मूल स्वतःचं ईमेल स्वतः उघडत नसेल तर अजून एक वर्ष एपीच बरं.

कॉलेजची बाजू कुठे भारी पडते तेही सांगते. गणितात. एपी कॅल्क्युलस बीसी झालं की बहुतेक हायस्कूलांत पुढे रस्ता संपतो, कॉलेजात मल्टिव्हेरिएबल, लिनियर अल्जिब्रा, डिफरन्शियल इक्वेशन्स मिळतं. आणि ज्या गोष्टी शाळेत नसतातच त्या सगळ्यात, माझ्या मैत्रिणीच्या मुलाने ऑटोमोटिव्हचा कोर्स घेतला आणि आता तो दर रविवारी शेजाऱ्यांच्या होंडाखाली आडवा असतो, आईला आधी लाज वाटायची आता ती पण ब्रेक पॅड बदलून घेते. शिवाय यूसी प्रवेशाचे विषय मोजताना कॉलेजचा एका सेमिस्टरचा कोर्स हायस्कूलच्या वर्षाइतका धरला जातो, आणि ट्रान्सफरेबल (यूसीत क्रेडिट धरलं जाणारा) असेल तर ग्रेडला एपीसारखा जास्तीचा पॉइंटही मिळतो. तुमच्या शाळेच्या स्वतःच्या जीपीएत (ग्रेडच्या सरासरीत) तो पॉइंट मिळतो का हे मात्र शाळेवर आहे, काउन्सेलरला विचाराच. क्रेडिट कुठे चालेल ते कॅलिफोर्नियातल्या सरकारी युनिव्हर्सिट्यांसाठी असिस्ट नावाच्या साइटवर कोर्स टाकून बघता येतं, प्रायव्हेट कॉलेजं मात्र हायस्कूल पास व्हायला वापरलेला कोर्स परत क्रेडिटला धरतीलच असं नाही.

सीट मिळणं हा अजून एक भाग. आपापलं नाव घालणाऱ्या हायस्कूलच्या मुलांचं रजिस्ट्रेशन सगळ्यात शेवटी उघडतं, कायद्यानेच, नोकरी करून शिकणाऱ्या मोठ्या माणसांची जागा जाऊ नये म्हणून. मला हे पटतं. सीकॅप तर मुळात जी मुलं कॉलेजला जातीलच याची खात्री नाही त्यांच्यासाठी बनवलंय, आणि आपली मंडळी तिथेही कॅल्क्युलसच्या सीटसाठी रांग लावतात, असो.

गेल्या वर्षी मी कम्युनिटी कॉलेज डिस्ट्रिक्टच्या बोर्डाच्या मीटिंगला गेले होते, कारण आमच्या हायस्कूलबरोबरचा सीकॅपचा करार अजेंड्यावर होता. अजेंडा ७२ तास आधी लावावा लागतो, त्यातच कराराची पीडीएफ असते आणि हीच वाचण्यासारखी आहे, कुठल्या शाळेत कुठले कोर्स, अंदाजे किती मुलं, पुस्तकांचे पैसे कोण देणार, शिक्षकाचा पगार कोणाकडून. हॉलमध्ये आम्ही सहा माणसं. मी दोन मिनिटं बोलले, म्हटलं यादीत गणित का नाही? बाहेर आल्यावर एका डीनने कॉरिडॉरमध्ये सांगितलं की शाळेत शिकवायला कॉलेजच्या पात्रतेचा शिक्षक लागतो, म्हणजे साधारण त्या विषयात मास्टर्स, आणि शाळेत तसं गणितात कोणी नाही, आणि आमचे प्राध्यापक दुपारी एक वाजता तिकडे ड्राइव्ह करून यायला तयार नाहीत. इतकं साधं कारण, आणि आम्ही वर्षभर ग्रुपवर वाद घालत होतो. तिथे बोलायला सिटिझन असावं लागत नाही हे एच-१ बी वाल्यांनी लक्षात घ्या, मत देता येत नाही पण माइक मिळतो. आणि व्हिसावर असाल तर कॉलेजच्या अ‍ॅडमिशन ऑफिसला रेसिडेन्सीचं आधी विचारा, फी त्यावर ठरते, ग्रुपवरच्या उत्तरावर जाऊ नका.

तर माझ्या मते, मूल शिस्तीचं आहे पण अजून आपण आठवण करून द्यावी लागते, तर एपी. शाळेत सीकॅपचा क्लास असेल तर तो पहिला कॉलेज क्लास म्हणून उत्तम, डोळ्यासमोर असतो. गणित संपलंय किंवा शाळेत नसलेलं काही हवंय तर कॉलेज, पण एका वेळी एकच कोर्स आणि पहिला उन्हाळ्यात नको, सहा आठवड्यात सेमिस्टरभराचा कोर्स कोंबतात. फॉर्मवर शाळेची सही लागते आणि जूनमध्ये काउन्सेलर सुट्टीवर असतात, तेव्हा फॉलसाठी नाव घालायचं असेल तर सही मे संपायच्या आत घेऊन ठेवा.