द्राक्षाचा चेक तीन महिने पिशवीत राहिला

आमच्या निफाड तालुक्यात आता द्राक्षाची काढणी सुरू होईल. गेल्या आठवड्यात अनोळखी व्यापाऱ्यांच्या दोन गाड्या शिवारात फिरताना दिसल्या, म्हणून हे लिहायला बसलो. नानांना हे आवडलं नसतं. आपण फसलो हे गावाला कळू नये म्हणून त्यांनी शेवटचे चार महिने जिवाचा आटापिटा केला आणि मी तेच इथे उघड करतोय.

नाना म्हणजे माझे वडील. गेल्या आषाढात वारले, वय 77. 1972 च्या दुष्काळात पाझर तलावाच्या कामावर खडी फोडलेला, सुकडीवर दिवस काढलेला माणूस. पुढे पाटाचं पाणी आलं तसा ऊस केला, भाऊसाहेबनगरच्या कारखान्याला घातला. मग अर्धा एकर थॉमसन द्राक्षं लावली, तीही मांडवाचे अँगल उधारीवर आणून. अर्ध्याचे दोन एकर व्हायला बरीच वर्षं गेली. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा पाचाच्या खाली आला की रात्री दोनला उठून बागेत शेकोट्या पेटवायच्या आणि ड्रीप चालू करायचं, हे त्यांनी गेल्या हिवाळ्यापर्यंत स्वतः केलं. मी अंबडच्या एमआयडीसीत नोकरीला, रविवारी गावाकडे जाणारा. बागेतलं मला फारसं विचारायचे नाहीत, आणि खरं सांगायचं तर मीही विचारत नसे.

गावात कुणाचा व्यवहार अडला की लोक नानांकडे यायचे. 'कागद कर, मग माल दे,' हे त्यांचं पेटंट वाक्य. आमच्या चुलत्याला त्यांनी एकदा चारचौघांत झापलं होतं, व्यापाऱ्याला उधार माल दिला म्हणून. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढचं सगळं त्यामुळेच घडलं.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात व्यापारी आला. परप्रांतातला, पिंपळगावात खोली घेऊन राहिलेला. सोबत गावातलाच एक पोरगा, किलोमागे कमिशन घेऊन बागा दाखवणारा. त्या दिवसांत आमच्याकडे किलोला तीस रुपये चालू होते. याने चौतीस सांगितले. वर ढग होते. पाऊस झाला तर मणी तडकतात आणि चौतीसच्या मालाला कुणी दहानेही विचारत नाही. त्यामुळे असं आभाळ असलं की घासाघीस कुणी फार ताणत नाही, हे व्यापाऱ्याला आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं.

पहिली गाडी चाळीस क्विंटलची. त्याने संध्याकाळी बागेतच रोख 1 लाख 36 हजार मोजून दिले. नानांनी नोटा दोनदा मोजल्या, आईने देवापुढे ठेवल्या. हे पैसे म्हणजे गळाला लावलेलं आमिष होतं. पुढच्या चार दिवसांत उरलेला दीडशे क्विंटल माल गेला आणि हातात आला 5 लाख 10 हजारांचा चेक. काट्याच्या कच्च्या पावतीवर नाव एका ट्रेडर्सचं, चेकवर नाव भलत्याच माणसाचं. पावतीला पत्ता नाही, फक्त मोबाईल नंबर. नानांच्या नजरेतून हे सुटलं असेल असं मला वाटत नाही. विचारलं तेव्हा 'भावाचं खातं आहे' असं उत्तर मिळालं, हे त्या पोरानेच नंतर सांगितलं.

चेकवर तारीख 18 मार्च. नाना बँकेत निघाले त्याच दिवशी फोन आला, "आज नका टाकू नाना, बांगलादेशच्या बॉर्डरला गाडी अडकली, पैसे येऊ राहिले. आठ दिवस थांबा, नाहीतर उगाच बाउन्स होईल." मग पुढचे आठ दिवस. मग रमजान, मग मुलाचं आजारपण. मग 'नवीन चेक देतो, जुना टाकू नका.' आम्हाला वाटतं, व्यापारी वेळ काढतोय. तो वेळ काढत नसतो, तारीख घालवत असतो. चेक तारखेपासून तीनच महिने चालतो. त्या मुदतीत बँकेत टाकला आणि परत आला, तर परतीचा मेमो मिळाल्यापासून तीस दिवसांत नोटीस द्यायची. ती त्याला मिळाल्यापासून पंधरा दिवसांत पैसे आले नाहीत, तर पुढच्या महिन्याभरात कलम 138 खाली कोर्टात तक्रार करता येते. दोन वर्षांपर्यंत कैद, चेकच्या दुपटीपर्यंत दंड. व्यापारी घाबरतो तो याला. चेक बँकेत टाकलाच नाही तर यातलं काहीच लागू होत नाही. 'बाउन्स होईल' असं तो सांगत होता, तेव्हा तो बाउन्स होऊ देण्यातच आमचा फायदा होता.

नाना थांबले. घरात मात्र 'पैसे आले' म्हणून सांगितलं. मलाही. 31 मार्चच्या आत गावच्या सोसायटीचं कर्ज भरलं नाही तर बिनव्याजी पीककर्जाची सवलत जाते, म्हणून आईची मोहनमाळ सोनेतारणात ठेवली आणि सोसायटी भरली. आईला म्हणाले, पॉलिशला दिलीय.

जुलैच्या सुरुवातीला पहाटे मोटर चालू करायला गेले, ते विहिरीजवळच कोसळले. डॉक्टरांनी हृदयविकार लिहिलं. बीपीची गोळी त्यांना दहा वर्षं चालू होती, बिडी त्याहून जुनी. मी यात व्यापाऱ्याचं नाव घालणार नाही. घालावंसं वाटतं, पण घालणार नाही.

आम्हाला कळलं ते दहाव्याला. गोदाकाठी पिंड ठेवला, कावळे झाडावर होते, खाली एक येईना. चुलता म्हणाला, "बागेत जीव अडकला असंल." मी पुढे होऊन म्हटलं, बाग मोडणार नाही. नाही आला. आईने, बहिणीने, सगळ्यांनी आपापलं सांगून पाहिलं. अर्धा तास गेला. मग मागून तो कमिशनवाला पोरगा पुढे आला, हात जोडले आणि रडत म्हणाला, "नाना, तुमच्या पैशाचं मी बघतो." सगळे त्याच्या तोंडाकडे बघायला लागले. कसले पैसे? कावळा त्यानंतरही आला नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि विधी उरकला.

घरी आल्यावर नानांची पिशवी काढली. खताच्या दुकानातली, नायलॉनची, दोरीने बांधलेली. आत चेक, कच्च्या पावत्या, सोनेतारणाची पावती आणि फवारणीची डायरी. ही डायरी ते वर्षानुवर्षं ठेवायचे: तारीख, औषध, प्रमाण, हवामान. मार्चनंतर बागेला खरड छाटणी, म्हणजे काढणीनंतरची छाटणी झाली, त्याच्या नोंदी आहेत. त्यांच्यामध्येच, त्याच अक्षरात, त्याच रकान्यात: 'शेठ फोन. सोमवारी.' 'शेठ फोन. उचलला नाही.' 'बोर्डो. शेठ फोन. बंद.' मी मोजले, एकतीस फोन. 18 जूनच्या पुढे फोनची एकही नोंद नाही. तीन महिने संपले हे त्यांना कळलं होतं की योगायोग, देव जाणे.

बँकेतल्या बाईंनी चेक उलटसुलट करून पाहिला आणि काही न बोलता परत दिला. पोलिसांनी अर्ज घेतला. वकील म्हणाले, 138 हातचं गेलं. विकलेल्या मालाच्या वसुलीचा दावा तीन वर्षांच्या आत वारसांना लावता येतो, पण त्या नावाचा माणूस आधी सापडायला हवा. पावतीवर एक, चेकवर दुसरा. बाजार समितीत गेलो तर तिथले लोक म्हणाले, आवारात विकलं असतं तर बघता आलं असतं. 2016 मध्ये फळं-भाजीपाला नियमनमुक्त झाला तेव्हापासून बांधावर माल घेणाऱ्याला समितीचा परवाना लागत नाही. तेव्हा आम्हीच आडत, म्हणजे अडत्याचं कमिशन वाचलं म्हणून खूश झालो होतो.

मला सगळ्यात लागलं ते वेगळंच. 2020-21 मध्ये प्रताप दिघावकर नाशिक परिक्षेत्राचे विशेष पोलीस महानिरीक्षक असताना पोलिसांनी अशा व्यापाऱ्यांमागे मोहीम लावली होती, आणि त्या धाकाने कितीतरी शेतकऱ्यांचे अडकलेले पैसे परत आले. नानांनी तेव्हा पेपरमधली बातमी मला मोठ्याने वाचून दाखवली होती. म्हणजे कुठे जायचं ते त्यांना माहीत होतं. चुलत्याला झापलेला माणूस त्याच चुलत्यादेखत पोलीस स्टेशनची पायरी कसा चढणार? एप्रिलमध्ये त्यांनी मला एक फोन केला असता तर चेक टाकायला दोन महिने शिल्लक होते. तुमच्या घरातला म्हातारा मार्चनंतर जरा गप्प झाला असेल, तर पैसे आले का एवढंच विचारू नका. पासबुक मागा. रागावला तरी मागा.

त्या पोराने आतापर्यंत वीस हजार आणून दिलेत. त्याचं कमिशनही बुडालं म्हणतो. खरं असेल, नसेलही. मोहनमाळ मी सोडवली.

परवा एक व्यापारी बाग बघायला आला. मणी हातात घेऊन गोडी चाखली, भाव चालू दरापेक्षा तीन रुपयांनी जास्त सांगितला. आईने चहा टाकला आणि कप त्याच्या हातात देताना आधार कार्ड मागितलं. गाडीतून आणतो म्हणाला. कप ओट्यावर ठेवून गेला, गाडी चालू झाल्याचा आवाज आला. चहावर साय धरली.