नोकरी गेल्यावर विमा कुठला? कोब्रा आणि हेल्थकेअर डॉट गव्ह, दोन्हींचा अनुभव

२०२५ च्या मार्चमध्ये माझी नोकरी गेली. अमेरिकेत नोकरीबरोबर विमाही जातो आणि आमच्या घरात खरी धास्ती त्याचीच होती. हिला संधिवात आहे, दर दोन आठवड्यांनी अ‍ॅडालिम्युमॅबचे इंजेक्शन घ्यावे लागते. लेक दुसऱ्या राज्यात शिकते आणि तेव्हा आमच्याच विम्यावर होती. मुलांना २६ वर्षांपर्यंत तसे राहता येते. हिचे शिकवण्यांचे काम स्वतःचे, म्हणून तिच्या नोकरीतून विमा मिळायचा प्रश्न नव्हता. तुमच्या जोडीदाराच्या कंपनीचा विमा असेल तर आधी तो बघा, कारण त्यात नाव घालायला साधारण ३० दिवसच मिळतात. बाकीच्या दोन्ही पर्यायांना, म्हणजे कोब्रा (जुन्या कंपनीचाच विमा स्वतःच्या पैशाने चालू ठेवणे) आणि हेल्थकेअर डॉट गव्ह (विमा प्लॅन निवडून घ्यायची सरकारी साइट), ६० दिवस असतात.

ओळखीच्या जवळपास सगळ्यांनी एकच सांगितले: कोब्राच्या नादी लागू नकोस, परवडत नाही. पत्रातला आकडा पाहून मलाही तसेच वाटले. पगारातून महिन्याला ४१० डॉलर कापले जायचे, कोब्राचा हप्ता होता २,१४८. यात लबाडी काही नाही. विमा तोच असतो, फक्त इतकी वर्षे कंपनी भरत होती तो वाटाही आता आपण भरायचा, वर २ टक्के व्यवस्थापन खर्च. १९८५ च्या कायद्याने ही सोय झाली. २० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपन्यांना ती लागू आहे आणि नोकरी गेल्यास १८ महिने मिळते.

मग हेल्थकेअर डॉट गव्हवर गेलो. ही साइट मला मनापासून आवडली. खाते न उघडता पिन कोड, वये आणि अंदाजे उत्पन्न टाकले की प्लॅन दिसतात, आणि आपले डॉक्टर व औषधे टाकली की कुठल्या प्लॅनमध्ये ती बसतात तेही कळते. औषध टाकताना नेमका ब्रँड टाका. अ‍ॅडालिम्युमॅबचे २०२३ पासून इथे बरेच बायोसिमिलर (दुसऱ्या कंपन्यांची जवळजवळ तशीच औषधे) आले आहेत. एका प्लॅनच्या यादीत एक असते, दुसऱ्याच्या यादीत भलतेच. आजार आधीपासून आहे म्हणून इथला कुठलाच प्लॅन नाकारता येत नाही की जास्त हप्ता लावता येत नाही. काही राज्यांची स्वतःची साइट आहे, तिकडे ही साइटच पाठवते. पत्ता मात्र नीट बघून टाका. अशाच दिसणाऱ्या एका खासगी साइटवर मी फोन नंबर दिला आणि पुढे कित्येक दिवस विमा विकणाऱ्यांचे फोन थांबले नाहीत. त्यातले काही जण अल्प मुदतीचे प्लॅन गळ्यात मारत होते, ज्यात जुना आजार धरलाच जात नाही. हिच्यासाठी तो प्लॅन म्हणजे निव्वळ कागद.

उत्पन्नाचा रकाना सगळ्यात काळजीने भरायचा. तिथे अख्ख्या वर्षाचे, अख्ख्या घराचे उत्पन्न हवे असते: तीन महिन्यांचा पगार, कंपनीने जाताना दिलेली रक्कम, बेकारी भत्ता, हिची कमाई, सगळे. हप्त्यावरची सवलत त्यावर ठरते आणि टॅक्स भरताना हिशेब पुन्हा होतो. जास्त घेतलेली सवलत परत करायला पूर्वी उत्पन्नानुसार मर्यादा असायची, २०२६ पासून ती काढली आहे. मेडिकेडचे, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांच्या सरकारी विम्याचे, गणित वेगळे, तिथे चालू महिन्याचे उत्पन्न बघतात. हे सगळे मला एका सरकारमान्य मदतनीस बाईंनी शेजारी बसून समजावले, एक पैसा न घेता. अशी मोफत मदत साइटवरूनच शोधता येते. त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही.

त्यांनीच विचारले, यंदा डिडक्टिबल (विमा पैसे द्यायला लागण्याआधी आपण भरायची रक्कम) किती भरून झालंय? निर्णय तिथे फिरला. इंजेक्शन इतके महाग की हिची वर्षाची आऊट ऑफ पॉकेट मर्यादा, म्हणजे डिडक्टिबल धरून वर्षभरात खिशातून जास्तीत जास्त जाणारी रक्कम, मार्चमध्येच भरली होती. डिसेंबरपर्यंत तिच्या उपचारांना खिशातून काही जाणार नव्हते. नव्या प्लॅनमध्ये ही मर्यादा पुन्हा शून्यापासून सुरू होते. मग वहीत मांडले. कोब्रा: ९ महिन्यांचे १९,३३२ डॉलर. साइटवरचा सिल्व्हर (मधल्या दर्जाचा) प्लॅन सवलतीनंतर महिना १,१५० ने ९ महिन्यांचे १०,३५० आणि हिच्या मर्यादेचे ९,२०० (२०२५ मधली एका व्यक्तीची कमाल), म्हणजे १९,५५०. पैशांत फरक नगण्य. पण कोब्रात हिचे डॉक्टर तेच, आणि लेकीला तिच्या कॉलेजच्या गावात नेटवर्कमधले डॉक्टर. त्या सिल्व्हर प्लॅनमध्ये आमच्या राज्याबाहेर फक्त तातडीचे उपचार होते. आम्ही कोब्रा घेतला. हीच नोकरी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात गेली असती, किंवा घरात कुणाला नियमित औषध नसते, तर मी डोळे झाकून सिल्व्हर घेतला असता.

कोब्राचा त्रास कागदपत्रांचा. कंपनी आणि विम्याचे काम बघणारा व्यवस्थापक मिळून कोब्राचे पत्र पाठवायला ४४ दिवसांपर्यंत वेळ घेऊ शकतात, आणि आमच्याकडे त्यांनी जवळपास तेवढा घेतलाच. मधल्या काळात इंजेक्शनची तारीख आली. फार्मसीत 'इनअ‍ॅक्टिव्ह' दिसत होते आणि काउंटरवरचा मुलगा बिचारा पुन्हा पुन्हा कार्ड टाकून बघत होता. कायद्याने कोब्रा मागच्या तारखेपासून लागू होतो, मधला एक दिवसही उघडा पडत नाही, पण फार्मसीच्या स्क्रीनला ते कळत नाही. डॉक्टरांच्या नर्सने नमुन्याचे एक इंजेक्शन दिले म्हणून निभावले. पत्र हातात पडताच फॉर्म भरून पहिला हप्ता त्याच दिवशी पाठवला. पहिल्या हप्त्याला खरे तर ४५ दिवस असतात. औषध चालू असेल तर एवढे दिवस थांबू नका.

आणखी एक: ६० दिवसांची मुदत उलटल्यावर, कोब्रा महाग पडतोय म्हणून मध्येच सोडला, तर हेल्थकेअर डॉट गव्हचे दार लगेच उघडत नाही. १ नोव्हेंबरला खुली नोंदणी सुरू होईपर्यंत थांबावे लागते. एचएसएमध्ये (आरोग्य खर्चासाठीच्या करमुक्त बचत खात्यात) पैसे असतील तर कोब्राचा हप्ता त्यातून भरता येतो; आमचे पहिले तीन हप्ते तसेच गेले.

नोव्हेंबरमध्ये पुन्हा वही काढली आणि जानेवारीपासून त्याच साइटवरचा गोल्ड (सिल्व्हरच्या वरचा) प्लॅन घेतला. हिची मर्यादा वर्षात भरणारच, त्यामुळे महिन्याचा हप्ता एकटा न बघता वर्षाचे हप्ते आणि ती मर्यादा यांची बेरीज बघितली, त्यात आमच्या भागात गोल्ड सिल्व्हरपेक्षा स्वस्त पडला. लेकीचे कॉलेज स्वतःचा विद्यार्थी विमा देते, ती तिकडे गेली. सही करण्याआधी हिच्या डॉक्टरांच्या ऑफिसला फोन करून प्लॅनचे पूर्ण नाव वाचून दाखवले. त्याच विमा कंपनीचे दोन प्लॅन जवळजवळ एकाच नावाचे होते आणि डॉक्टर त्यातला एकच घेत होते.